हरणाबाईची औंधची फेरी

हरणाबाईचा फोन आला तेव्हा सांगलीत गारा पडत होत्या. मी गॅलरीतल्या कुंड्या आत ओढत होते. हात मातीचे, म्हणून फोन तसाच खांद्यात दाबून धरला.

"बाई, तुमच्याकडं पडतोय न्हवं?"

"पडतोय काय, झोडपतोय!"

"मग आमच्याकडं बी येणार सांजच्याला. उद्याचं ऱ्हाऊ द्या. परवा बघू."

गेला आठवडाभर आमचं हेच चाललं होतं. त्या मे महिन्यात वळवानं ताळतंत्र सोडलं होतं. एरवी वळीव म्हणजे एखादी दुपार काळवंडायची, धुरळा उठायचा, तासभर आदळआपट व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा आभाळ धुतल्यासारखं. पण गेल्या वर्षी तो रोजचाच झाला. कधी सांगलीत आधी, कधी वडूजला आधी. आणि हरणाच्या डोक्यात भरलं होतं की आपण दोघींनी सायकलवरून औंधला जायचं.

काम काही नव्हतं. नवस नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं. वडूजजवळच्या तिच्या वस्तीवरून निघायचं, औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी बसून भाकरी खायची आणि परत यायचं. जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरलं असतं. ती एकसष्ट वर्षांची, मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. माझ्या सुनेला मी हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग माझ्याकडं नीट बघत राहिली.

खरं सांगायचं तर पाऊस पडला की मला बरंच वाटायचं. नागसेन, माझे मालक, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मला घराबाहेर पडायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. वळवानं परस्पर माझं काम केलं होतं.

हरणाची आणि माझी ओळख पस्तीस वर्षांची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन लागले आणि मला वडूजपासून चारेक मैलांवरची बिरोबामाळाची वस्ती मिळाली. मेंढकरांची वस्ती. दिवाळी झाली की निम्मी वस्ती मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायची आणि मृगाच्या आधी परत यायची. मधल्या काळात मागं उरायची ती म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि शाळेपुरती पोरं. नागसेन वडूजच्या पोस्टात होते. आम्ही गावात खोली घेतली होती आणि मी सायकलवरून वस्तीवर जायचे. नोकरी करणारी बाई त्या भागात नवी नव्हती, पण सायकलवरून येणारी बाई बघायला लोक बांधावर उभे राहायचे.

शाळेच्या ओसरीवरच अंगणवाडी भरायची आणि तिची सेविका हरणाबाई. सडसडीत, उंच, उन्हानं रापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. तिचा जन्म वाटेवरचा. तिच्या आईबापांचं बिऱ्हाड तेव्हा कोयनेच्या अंगाला होतं, आणि पहाटे ही जन्मली तेव्हा बिऱ्हाडापुढून एक हरीण आडवं गेलं, म्हणून नाव हरणा. पुढं तिसऱ्या वर्षी कोयनानगरचा भूकंप झाला. तेव्हाही ते तिकडंच होते.

"घरात झोपल्याली मानसं गेली," ती सांगायची. "आमाला घरच न्हवतं, म्हून आमी ऱ्हायलो. आई म्हनायची, मेंढरं आदीच उठून हुबी व्हती."

पुढं मामानं तिला वडूजला ठेवून घेतली म्हणून सातवीपर्यंत शिक्षण झालं. लग्न झालं तानाजीशी. तानाजी मेंढरांमागचा माणूस. वर्षातले सहा-सात महिने तो वाटेवर, ही सासूजवळ. सासू धोंडुबाई म्हणजे वस्तीचा कायदा. हातात काठी, कपाळावर भंडारा, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची मेंढरं वळावीत.

पहिल्या वर्षी मी त्यांच्या घरी चहाला गेले की माझी कपबशी वेगळी असायची. चहा झाला की ती धुऊन वळचणीला पालथी पडायची. हरणा मान खाली घालायची. मला सवय होती आणि तिला लाज होती, एवढंच.

एक दिवस शाळा सुटल्यावर हरणा माझ्या सायकलजवळ उभी राहिली. घंटीवरून बोट फिरवत म्हणाली, "बाई, अंगणवाडीच्या बैठकीला दर महिन्याला वडूजला चालत जाती मी. मला ही येईल का?"

"का नाही येणार? उद्यापासून शिकवते."

दुसऱ्या दिवशी माळावर सुरुवात केली. माझा जीव एवढासा. ती बसली की सायकल माझ्याच अंगावर यायची. दोन दिवसांत दोघींचे गुडघे फुटले. बांधावरून बाप्ये बघत होते आणि काय काय बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्या गर्दीतून धोंडुबाई काठी टेकत येताना दिसली. हरणाचा चेहरा पांढराफटक पडला. ती सायकलवरून उतरायला लागली.

"बस तशीच!" धोंडुबाई ओरडली. "उतरू नगंस!"

मग तिनं काठी माझ्या हातात दिली. लुगड्याचा ओचा खोचला. कॅरियर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "हां, चल. नवं वासरू बी असंच वाकडंतिकडं पळतंया. म्होरं बघ, चाकाकडं बघू नगं."

साठीची ती म्हातारी सुनेच्या सायकलीमागं माळभर पळाली. धापा टाकत, शिव्या देत, पडली की उचलून पुन्हा बसवत. आणि कधीतरी तिनं कॅरियर सोडून दिला. हरणा तशीच पुढं गेली, बाभळीला वळसा घालून परत आली आणि थांबायचं कसं हे कुणीच शिकवलं नव्हतं म्हणून सरळ आमच्या दोघींच्या अंगावर आली. तिघी मातीत. धोंडुबाई उताणी पडून हसत होती. बांधावरची माणसं कधी गेली ते कळलंही नाही.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर माझी कपबशी धोंडुबाईनं इतर भांड्यांत टाकली. त्यानंतर ती वळचणीची जागा रिकामीच राहिली. तिनं दोन कोकरं विकून हरणाला जुनी लेडीज सायकल घेऊन दिली तो पुढच्याच बाजाराचा दिवस.

औंधची फेरी सुरू झाली ती त्याच वर्षी. मे महिन्यात तानाजीचं बिऱ्हाड परतीच्या वाटेवर असायचं. औंधच्या अलीकडं त्यांचा मुक्काम पडायचा आणि तिथून वस्तीवर यायला मेंढरांच्या चालीनं आणखी दोन दिवस लागायचे. हरणाला ते दोन दिवस धीर निघेना. ती मला म्हणाली, "बाई, तुमी संगट आला तर आत्याबाई सोडत्याल." मी गेले. धोंडुबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "दुपारच्या आत पोचा. वळीव आला तर झाडाखाली थांबू नका."

रस्ता तेव्हा खडीचा. चढाला उतरून ढकलायचं, उताराला पाय वर घेऊन सुटायचं. हरणा उताराला ओरडायची, नुसतीच, काही शब्द नसलेलं. मी पोराबाळांच्या शाळेची मास्तरीण, पण तिसऱ्या उताराला मीही ओरडले. आणि मग लांबून मेंढरांचा धुरळा दिसला. पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि मागून खांद्यावर घोंगडं टाकलेला तानाजी. त्यानं सायकलवरून येणारी बाई बघितली, ओळखली नाही, बाजूला झाला. जवळ आल्यावर हरणानं घंटी वाजवली. तो बघतच राहिला.

"आगं, तू?" एवढंच म्हणाला. मग सायकलीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ब्रेक लागत्यात का?"

सहा महिन्यांनी भेटलेल्या नवऱ्याचं ते पहिलं बोलणं. हरणा त्यावर कितीतरी वर्षं हसायची.

त्यानंतर सात-आठ वर्षं, दर मे महिन्यात, आम्ही ती फेरी केली. एकदा गारांनी झोडपलं, एकदा माझी चेन तुटली, एकदा वाटेत नुसत्या कैऱ्या खाऊन पोटं दुखली. पण नेमही होऊन गेला. माझ्या आयुष्यात कामाशिवाय, कुणासाठी म्हणून नव्हे, असं मी जे काही केलं ते तेवढंच.

मग नागसेनांची बदली सांगलीला झाली, मागोमाग माझी. फोन होते, लग्नाकार्याला भेटी होत्या. धोंडुबाई गेली तेव्हा मी गेले होते. तानाजीचा कुंभार्ली घाटात पाय घसरून खुबा मोडला, तो पुन्हा मेंढरांमागं चालण्याजोगा राहिला नाही. मुलगा दिग्विजय पुण्यात कंपनीत लागला होता. मेंढरं विकली. त्याबद्दल हरणा फोनवर बोलली ते एवढंच की "मेंढरांचं वाडगं मोकळं दिसतंय."

आणि नागसेन गेले तेव्हा ती सांगलीला आली. तीन दिवस राहिली. समजूत घातली नाही, सुस्कारे सोडले नाहीत. भांडी घासली, आल्यागेल्याला चहा केला, माझ्या उशाशी बसून राहिली. जाताना म्हणाली, "फोन करत ऱ्हाईन. उचला म्हंजी झालं."

मी उचलत होते. 'बरं हाय' म्हणत होते. दीड वर्ष हे चाललं, आणि मग तिनं औंधचं काढलं.

आठवडाभर पावसानं आमचा बेत मोडला. शेवटी ती म्हणाली, "बाई, हे सांगलीतनं आन् वडूजातनं आभाळ बघून जमायचं न्हाई. तुमी इकडं येऊन ऱ्हावा. ज्या दिशी उघडंल त्या दिशी निघू."

मी काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं, पण मागून सुनेनं माझी बॅगच खाली काढली. त्या दोघींचं आपसात काही बोलणं झालं होतं का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

बिरोबामाळ ओळखू येईना. पाटाचं पाणी आलं होतं, जिथं कुसळं होती तिथं ऊस उभा. हरणाचं घर आता स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीत बाजेवर तानाजी. केस पिकलेले, पण मान तशीच ताठ.

"या बाई," तो म्हणाला. "या दोन म्हाताऱ्या आता सायकलवर जानार म्हनं. लोकं मला इचारत्यात, मी काय सांगू?"

"सांगा की ब्रेक लागतात," मी म्हणाले. तो मोकळेपणानं हसला.

पहिल्या दिवशी पाऊस दुपारी आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आम्ही पडवीत बसून शेंगा फोडत होतो आणि घरात हवामानाची तीन खाती चालली होती. पहिलं तानाजीचं. तो उगवतीकडं बघून सांगायचा, "वळीव तिकडनं उठतो. आन् दुपार टळल्याबिगार फुटत न्हाई. पहाटे निघा, बाराच्या आत घरात या. काय व्हत न्हाई." दुसरं सून राणीचं. ती फोनवर बघून तासातासाचा पाऊस सांगायची. तिसरं दिग्विजयचं. तो पुण्याहून रात्री फोन करून "आई, कशाला ही उस्तवार?" म्हणायचा आणि मग तोच त्याच्या फोनमधलं ढगांचं चित्र राणीला पाठवायचा.

हरणाचं स्वतःचं खातं नव्हतं. ती सायकलींच्या मागं लागली होती. तिची जुनी काळी सायकल तिनं तेल घालून माझ्यासाठी तयार केली होती. स्वतःला नात प्रांजलची गिअरची घेतली होती आणि तीन दिवस ती गिअरशी भांडत होती.

"ह्यो चढाचा का उताराचा?" ती विचारायची.

"आजी, लहान आकडा चढाला," प्रांजल शंभराव्यांदा सांगायची.

मी त्या काळ्या सायकलवर अंगणात बसले तेव्हा पाय पेडलवर ठरेना. हरणा मागं येऊन उभी राहिली. तिनं कॅरियर धरला. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले तेव्हा कळलं, तो तिनं कधीच सोडला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ निवळलं. तानाजीनं उगवतीकडं बघून मान डोलावली. राणी म्हणाली, "उद्या दुपारी चारपर्यंत काही नाही." दिग्विजयच्या चित्रातसुद्धा ढग लांब होते. तिन्ही खात्यांचं एकमत झालेलं बघून हरणा उठली आणि भाकरीचं पीठ मळायला लागली.

पहाटे निघालो. गार वारा, ओल्या मातीचा वास, रस्त्याच्या कडेला आधीच्या पावसानं गळालेली कडुलिंबाची फुलं. रस्ता आता डांबरी आणि रुंद, गाड्या सुसाट जाणाऱ्या, पण त्या वेळेला तुरळकच. पहिल्या चढाला माझी छाती भरून आली. मी उतरले. हरणा गिअर टाकून पुढं गेली, वर पोहोचून थांबली आणि ओरडून म्हणाली, "बाई, ह्ये गिअर म्हंजी लय चीटिंग हाय!"

उताराला मी ब्रेक घट्ट धरून खाली आले. ती मात्र सुटली. तिचा पदर मागं उडत होता आणि ती ओरडत होती, तेच बिनशब्दांचं. एक मोटारसायकलवाला दचकून बाजूला झाला. मला रडूही आलं आणि हसूही. दोन्ही एकदम.

ऊन चढायच्या आत औंध गाठलं. डोंगराच्या पायथ्याशी एका कट्ट्यावर बसून भाकरी सोडली. बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. पाय असे झाले होते की ते माझे आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागत होतं.

मग ती म्हणाली, "बाई, साहेब गेल्यापास्नं तुमी मला नुसतं 'बरं हाय' म्हनताय. फोनवर मला काय दिसत न्हाई. म्हनलं, समोर आनून बसवल्याबिगार ह्या काय बोलायच्या न्हाईत."

"म्हणून ही सगळी यातायात?"

"मग काय, मला भाकरी घरात मिळत न्हाई?"

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले. आणि बोलायला लागले. शेवटच्या दिवसांबद्दल नाही, ते मी सगळ्यांना सांगून झालं होतं. मी तिला वडूजच्या त्या खोलीबद्दल सांगितलं. मी शाळेला निघायच्या आधी नागसेन पायरीवर बसून माझ्या सायकलीत हवा भरायचे. पंप जुना होता, निम्मी हवा बाहेरच जायची. त्यांना पोस्टात उशीर व्हायचा पण ते टायर दाबून बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही औंधला निघालो तेव्हा त्यांनी मला विचारलंही नव्हतं की कशाला जातेस. फक्त म्हणाले होते, "मागचं चाक जरा मऊ आहे, बेतानं जा." असलं बारीकसारीक. दीड वर्षात हे कुणाजवळ बोलावं असं मला वाटलंच नव्हतं, कारण ऐकणाऱ्याला त्यात काय आहे ते कळलं नसतं.

हरणानं ऐकलं. मध्ये एकदाच म्हणाली, "पंप निळा व्हता." व्हय, निळाच होता. मी विसरले होते.

किती वेळ गेला कळलं नाही. अंगावरचं ऊन एकदम गेलं म्हणून वर बघितलं. सगळ्यांनी तीन दिवस उगवतीकडं डोळे लावले होते आणि ढग मावळतीकडून, डोंगराच्या मागून आले होते. काळेशार. सकाळचे अजून अकराही वाजले नव्हते.

"ह्यांचं खातं बुडालं," हरणा म्हणाली. "उठा."

वारा पाठीवर होता म्हणून पहिले दोन-तीन मैल आम्ही उडत गेलो. मग तो फिरला आणि तोंडावर आला. धुरळ्यानं डोळे भरले. सायकल जागची हलेना. लांब कुठंतरी वीज कडाडली आणि लगेच दुसरी, जवळ. मी एका मोठ्या चिंचेकडं वळले.

"झाडाखाली नगं!" हरणा ओरडली. "थांब्याकडं चला, थांब्याकडं!"

समोर एसटीचा थांबा होता, सिमेंटचा, छत असलेला. तिथवर सायकली ढकलत पळालो. आत शिरलो आणि मागं गारांचा मारा सुरू झाला. रस्ता पांढरा झाला. एवढा आवाज की शेजारी बोललेलं ऐकू येईना. दोघी भिंतीला चिकटून उभ्या. माझे दात वाजत होते. हरणानं माझा हात तिच्या हातात घट्ट धरून ठेवला होता आणि ती रस्त्याकडं बघत होती. घाबरलेली मुळीच वाटत नव्हती. लग्नाच्या वरातीत उभं राहून बघावं तशी बघत होती.

गारा थांबल्या पण पाऊस काही थांबेना. तेवढ्यात औंधकडून एक पिकअप गाडी आली, वर ताडपत्री टाकलेली. हरणानं हात केला. गाडी थांबली. चालवणारा पस्तिशीचा माणूस होता, शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर पोर.

"कुठं जायचं, मावशी?"

"बिरोबामाळ. वडूजच्या अलीकडं. तुमी कुठलं?"

"म्हसवडकडचं. कोकणातनं आलोय. मेंढरं हायत मागं."

हरणा जागच्या जागी थबकली. मग म्हणाली, "पिकअपमदनं?"

"आता चालतंय कोन, मावशी? वाटंला हिरवळ ऱ्हायली न्हाई, गाड्या मेंढरं चिरडत्यात. चार खेपा केल्या की झालं." त्यानं दार उघडलं. "पुढं एक जागा हाय बगा. नाव काय तुमचं?"

"हरणाबाई. तुझं?"

"बिरदेव."

"ह्या बाईंना पुढं घे, बिरदेवा. मी मागं बसती."

"मागं? घाण हाय मावशी, भिजल्याली मेंढरं..."

पण ती ऐकायला तिथं नव्हती. सायकली वर बांधेपर्यंत ती ताडपत्री वर करून आत गेलीही होती.

मी पुढं, बिरदेवच्या बायकोजवळ अंग चोरून बसले. मागच्या काचेतून आतलं अंधुक दिसत होतं. दाटीवाटीनं उभी मेंढरं, आणि त्यांच्यात खाली बसलेली हरणा. एक लहान कोकरू तिनं पदरात घेतलं होतं. दुसऱ्या हातानं ती एका मेंढीची मान खाजवत होती. तोंड हलत होतं. गात होती की त्यांच्याशी बोलत होती, गाडीच्या आवाजात कळलं नाही. एकदा तिनं चेहरा त्या ओल्या लोकरीत खुपसला आणि बराच वेळ वर काढला नाही. मी मान वळवून पुढं रस्त्याकडं बघत राहिले.

वस्तीवर उतरलो तेव्हा राणी पडवीच्या टोकाला छत्री घेऊन उभी होती. तिचा रडवेला चेहरा बघून हरणानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बिरदेव चहालाही थांबला नाही, मेंढरं गारठली होती. हरणानं उरलेल्या भाकऱ्यांचं फडकं तसंच त्याच्या बायकोच्या हातात कोंबलं.

दुपारी ऊन पडलं. राणी लुगडं बदला म्हणून मागं लागली होती. हरणा म्हणत होती, "वाळतंय की अंगावर." ती तशीच तानाजीच्या बाजेवर टेकली. तो तिला रागवायच्या तयारीत होता, तोंड उघडलंही होतं. मग त्यानं नाक वर केलं.

"मेंढरं?" तो म्हणाला.

"व्हय."

"कुनाची?"

"म्हसवडकडची. गाडीत घालून आनल्याली."

त्यानं तिच्या पदराचं टोक हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि तसंच धरून बसला. रागवायचं राहून गेलं.

थोड्या वेळानं त्यानं रस्त्याबद्दल विचारायला सुरुवात केली. खुबा मोडल्यापासून तो त्या बाजूला गेलाच नव्हता. कुणाच्या रानात काय होतं, ओढ्याला पाणी किती, अमक्याचं घर पडलं की उभं आहे. हरणा एकेक सांगत होती. मी जात्याजवळ पाय चोळत बसले होते.

"आन् पुलाच्या म्होरं ती विहीर?" त्यानं विचारलं. "पायऱ्याची. मेंढरांला तितं पाजायचो. मालक चांगला मानूस, कवा न्हाई म्हनला न्हाई."

मी हरणाकडं बघितलं. पुलाच्या पुढं आता पेट्रोल पंप आहे. विहीर बुजवून त्यावर फरशी केली आहे. सकाळी आम्ही तिथंच थांबून चाकांत हवा भरली होती आणि हरणानंच मला बोटानं दाखवलं होतं, हितं विहीर व्हती म्हणून.

"हाय की," हरणा म्हणाली.

"पानी हाय?"

"काठोकाठ. औंदा लय पाऊस झालाय न्हवं."

तानाजीनं समाधानानं मान हलवली. "तिचं पानी गोड," तो मला म्हणाला. "बाई, तुमी पेलाय न्हवं तितलं पानी? पयल्या वर्षी. मी पोहऱ्यानं काढून दिलं व्हतं."

"व्हय," मी म्हणाले. "लय गार होतं."

ते मात्र खरं होतं. हरणा उठून आत चहा टाकायला गेली, आणि तानाजी मला सांगत राहिला की त्या विहिरीच्या पायऱ्या किती, आणि मेंढरू पाणी प्यायला उतरताना सगळ्यात आधी कोणता पाय पुढं टाकतं.